तुम्ही विचारलंत म्हणून: हो, त्या फोटोतला मीच

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, आणि गेल्या खेपेला तर सांगलीत भाच्याच्या लग्नात पंगत उठायच्या आत विचारलं गेलं. "तू त्या टी पार्टीवाल्यांच्या रॅलीत काय करत होतास रे?" फोटो 15 एप्रिल 2009 चा, टेक्ससातल्या फोर्ट वर्थचा; टी पार्टी म्हणजे सरकारी खर्च आणि टॅक्सविरुद्धची इथली उजवी चळवळ. कुणीतरी फेसबुकवर टाकला आणि तेव्हापासून तो माझ्या मानगुटीवर बसलाय. वेटोळं घातलेल्या सापाचा पिवळा झेंडा, तीन कोपऱ्यांची टोपी घातलेले एक आजोबा, आणि त्यांच्या खांद्यामागे मी, ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. एकतर मी टेक्ससात राहून बिघडलो, नाहीतर ते लोक कोण हे मला कळलंच नसावं. दोन्ही नाही.

बेलआउट, स्टिम्युलस, तो सगळा गोंधळ तुम्हाला माहितीये, परत सांगत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये बुशनी बुडत्या बँका वाचवायच्या 700 अब्ज डॉलरच्या बेलआउटवर सही केली, फेब्रुवारी 2009 मध्ये ओबामांनी मंदीतून बाहेर काढायच्या 787 अब्जांच्या स्टिम्युलसवर. पण या दुसऱ्या कायद्यात एक छोटं कलम होतं, ज्यांना लागलं त्यांनाच ते आठवत असेल. बेलआउटचे पैसे घेतलेल्या बँकेला एच-वन-बीवर, म्हणजे परदेशी माणसाच्या नोकरीच्या व्हिसावर, नवा माणूस घ्यायचा असेल तर जादा अटी, आधी अमेरिकन माणूस शोधला होता हे लिहून द्या, कुणा अमेरिकनाला काढलं नाही हे लिहून द्या वगैरे. बऱ्याच बँकांनी एवढा व्याप करण्यापेक्षा ऑफरच मागे घेतल्या. त्यातली एक माझी. बँकेचं नाव सांगत नाही, आता काय उपयोग. इकडे मी राजीनामा देऊन बसलेलो, मुलगी पाच महिन्यांची, आणि मार्चमध्ये एचआरच्या बाईंचा फोन, आवाज अगदी गोड. जुन्या मॅनेजरने राजीनामा मिळालाच नाही असं धरलं म्हणून वाचलो, कारण नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला आज जे 60 दिवस मिळतात ते 2017 पासूनचे, तेव्हा असं काही नव्हतं, नोकरी गेली की स्टेटस, म्हणजे इथे कायदेशीर राहणं, गेलं.

आता हिशोब बघा. माझ्या पगारातून फेडरल, म्हणजे केंद्राचा, इन्कम टॅक्स जातोय, सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) 6.2 टक्के जातायत, मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) 1.45 जातायत, त्यातून बँक वाचवली जातेय, आणि त्याच बँकेला कायदा सांगतोय की या माणसाला घेताना शंभर वेळा विचार कर. आणि मला मत नाही. बॉस्टनच्या बंदरात 1773 साली चहाच्या पेट्या पाण्यात टाकल्या त्या याच तक्रारीपायी ना? त्या गर्दीत हा मुद्दा शब्दशः लागू होणारा बहुतेक मीच एकटा होतो. बाकीच्यांना मत होतं, सिनेटर होता, गव्हर्नर होता. म्हणून गेलो. लंच ब्रेक लांबवला आणि गेलो.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, की अरे पण तिथल्या किती जणांना तू या देशात हवा होतास? माहितीये मला. बहिरा नव्हतो मी. ते एच-वन-बीचं कलम त्या गर्दीत वाचून दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, आणि ते टोपीवाले आजोबा स्वतः मेडिकेअरवर होते, दहा मिनिटांच्या गप्पांत कळलं. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात एकाने आपल्या खासदाराला सांगितलं होतं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. हसा, मीही हसलो. पण माणसाचा हिशोब कच्चा असला म्हणून त्याचा राग खोटा ठरत नाही. रात्री टीव्हीवर बघितलं, ऑस्टिनमध्ये गव्हर्नर रिक पेरी म्हणत होते की युनियन, म्हणजे अमेरिकेचा संघ, मोडायचं काही कारण नाही, पण वॉशिंग्टन (केंद्र सरकार) लोकांना असंच झिडकारत राहिलं तर काय होईल कोण सांगणार. बायको म्हणाली, हे तर फुटायची धमकी देतायत. मी म्हटलं बोलायचं असतं तसं. याच पेरींनी मार्चमध्ये बेकारभत्त्यासाठीचे 55.5 कोटी फेडरल डॉलर नाकारले होते, वाजतगाजत, अटी नकोत म्हणून. उरलेल्या स्टिम्युलसचे अब्जावधी मात्र राज्याच्या बजेटमध्ये गुपचूप बसवले. हे मी तेव्हाही बोलत होतो, पण ते कुणाला आठवत नाही, फोटो आठवतो.

आणि एक राहिलंच. मला हे विचारणारी मंडळीच व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतात की महाराष्ट्र देशाची तिजोरी भरतो आणि पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतल्या राज्यांच्या वाट्यातले फक्त 6.317 टक्के महाराष्ट्राला दिले, उत्तर प्रदेशाला 17.939. (मुंबईत हेड ऑफिस आहे म्हणून इथे भरला गेलेला सगळा टॅक्स इथलाच कसा, हे त्यात कुणी लिहीत नाही, असो.) मग टेक्ससवाला म्हणाला की हायवे फंडात आम्ही वर्षानुवर्षं टाकतो जास्त आणि परत येतं कमी, तर तो लगेच वेडा कसा? उलट तुमच्याकडे निदान आयोग आहे, काहीतरी सूत्र आहे, त्यावर भांडता येतं. इथे वॉशिंग्टन पैसे देतं ते अटी घालून. 1984 मध्ये इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठरवलं की दारू विकत घ्यायचं वय 21 करा, नाहीतर हायवेचे पैसे कापू. टेक्ससने 1986 ला केलं. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि 1987 ला हरलं. दारूचं वय काय असावं यावर माझं काही म्हणणं नाही, पण आमच्याच खिशातून पेट्रोलच्या टॅक्समधून नेलेले पैसे आम्हालाच परत देताना अट घालायची, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता ते, जे मी मंडळात कधी सांगितलेलं नाही.

रॅलीनंतरच्या आठवड्यात ऑफिसच्या पँट्रीत एक कलीग होती, ब्लॅक, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, आम्ही रोज डबा एकत्र खायचो. ज्या मॅनेजरने माझा राजीनामा वाचवला त्याच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकणारी हीच. तिने फोटो बघितला होता. मला वाटलं चिडवेल. ती म्हणाली, तुला मॅन्सफिल्ड माहितीये? म्हटलं हो, फोर्ट वर्थच्या खाली, तिथे घरं स्वस्त आहेत, आम्ही बघून आलोय. ती हसली नाही.

मग तिने सांगितलं ते असं. 1956 साली फेडरल कोर्टाने मॅन्सफिल्डच्या हायस्कूलला हुकूम दिला की काळ्या मुलांना प्रवेश द्या. शाळा सुरू व्हायच्या वेळी शेकडो गोऱ्यांचा जमाव शाळेभोवती जमला, काळ्या माणसाचे पुतळे फाशी दिल्यासारखे लटकवले. गव्हर्नर ॲलन शिव्हर्सनी टेक्सस रेंजर्स, म्हणजे राज्याचे खास पोलीस, पाठवले. मी घास हातात धरून विचारलं, म्हणजे मुलांना संरक्षण द्यायला? ती म्हणाली, नाही, मुलं आत जाऊ नयेत म्हणून. राज्याचा कारभार राज्य बघेल, वॉशिंग्टनच्या कोर्टाने आम्हाला शिकवू नये, असं म्हणून. आयझेनहॉवर गप्प बसले, निवडणूक तोंडावर होती. पुढच्या वर्षी आर्कान्सात लिटल रॉकला त्यांना शेवटी सैन्य पाठवावं लागलं, पण मॅन्सफिल्डला कुणी आलं नाही. तिचे वडील त्या काळात मॅन्सफिल्डला राहायचे. गावात हायस्कूल असून ते वीसेक मैल बसने फोर्ट वर्थला शिकायला जायचे, काळ्यांच्या शाळेत. म्हातारपणीसुद्धा त्यांना मॅन्सफिल्डमधून गाडी न्यायची नसायची, लांबच्या रस्त्याने न्यायला सांगायचे.

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवतं, पण लिहायला बरं वाटत नाही, तरी लिहितो. मी म्हटलं, ते वेगळं होतं, ते वंशाचं होतं, आमचं खर्चाचं आहे. डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "मग ती शाळा शेवटी उघडली कशी, विचार ना."

विचारलं.

ती शाळा कोर्टाच्या हुकमाने उघडली नाही. नऊ वर्षं तो हुकूम तसाच पडून होता. 1964 चा सिव्हिल राइट्स कायदा आला, त्यात आलं की जी संस्था भेदभाव करेल तिला फेडरल पैसा मिळणार नाही, लगेच 1965 ला शाळांसाठी मोठा फेडरल निधी आला, आणि मग मॅन्सफिल्डने दारं उघडली. गाजावाजा नाही, पुतळे नाहीत, रेंजर्स नाहीत. चेक बंद होईल म्हणून. म्हणजे ज्या गोष्टीवर मी आठवडाभर तावातावाने बोलत होतो, की वॉशिंग्टन पैशाची अट घालून राज्यांना वाकवतं, नेमक्या त्याच गोष्टीने तिच्या धाकट्या आत्याला घराजवळच्या शाळेत जाता आलं. वडिलांना नाही, तेवढ्यात ते मोठे झाले होते.

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, नेहमीसारखी, पण काही महिने आम्ही फक्त ऑफिसचं आणि पोरांचं बोललो. मला तिचा रागही आला होता, खरं सांगतो. वाटलं, माझी नोकरी जायची वेळ आली होती, मी कुणाला शाळेबाहेर काढायला गेलो नव्हतो, 1956 चं ओझं माझ्या डोक्यावर का? माझ्या बापजाद्यांनी या देशात पाय ठेवला नव्हता. हे सगळं घरी बायकोला ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, की मग 1773 चा चहा तुझा कसा?

2009 चा मी आज समोर बसला तर माझ्याशी भांडेल. तो म्हणेल, एका गोष्टीने घाबरलास का? अटींचा पट्टा चांगल्या माणसाच्या हातात असला की शाळा उघडते, वाईटाच्या हातात गेला की? आणि मी त्याला म्हणेन, पट्टाच नसता तर मॅन्सफिल्डचं काय झालं असतं ते सांग. याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडे त्याच्या प्रश्नाचं नाही.

2012 ला ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या, निकालात सुप्रीम कोर्टाने बाकी कायदा ठेवला, पण म्हटलं की मेडिकेडचा (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) विस्तार केला नाही तर आधीचेही सगळे पैसे बंद, ही अट चालणार नाही, ही राज्यांवर जबरदस्ती आहे. नऊपैकी सात न्यायाधीश त्यावर एक झाले. मला बरं वाटलं, लपवत नाही. तोवर आमचं बोलणं पूर्ववत झालं होतं. ती म्हणाली, अभिनंदन, आता माझा चुलतभाऊ इमर्जन्सी रूममध्ये जाऊन बसेल. टेक्ससने अजून तो विस्तार केलेला नाही, नव्या लोकांचा 90 टक्के खर्च वॉशिंग्टन द्यायला तयार असूनसुद्धा. म्हणजे माझा मुद्दा जिंकला आणि तिचा भाऊ इन्शुरन्सविना राहिला, आणि फोर्ट वर्थला लंच ब्रेकमध्ये मला असं काही हवं होतं का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मग 2017 आलं. ट्रम्प सरकारने ऑर्डर काढली की इमिग्रेशनवाल्यांना साथ न देणाऱ्या शहरांचे फेडरल पैसे थांबवा. सॅन फ्रान्सिस्को कोर्टात गेलं, केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे असं सांगणारी दहावी घटनादुरुस्ती पुढे केली, पैशाची जबरदस्ती चालत नाही म्हणाले, आणि एप्रिलमध्ये कोर्टाने ऑर्डर अडवली. दहावी दुरुस्ती! त्या पिवळ्या झेंड्यावाल्यांची! मी तिला ताबडतोब मेसेज केला, बघ, आता कोण म्हणतंय राज्यांचे हक्क. तिचं उत्तर आलं की हो, बघितलं, आणि आता तुझे ते आजोबा कुठल्या बाजूला आहेत तेही बघ.

तेही बघितलं. ते ट्रम्पच्या बाजूला होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवलं, आणि 2013 मध्ये न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या सँडी वादळाच्या मदतीविरुद्ध मत देणारे आमचे सिनेटर टेड क्रूझ आता टेक्ससला फेडरल मदत मागत होते. टेक्ससच्या चार खासदारांनी मात्र त्या मदतीच्या पॅकेजविरुद्धही मत दिलं, आपल्याच राज्यातल्या पुराच्या वेळी. निदान ते तरी सुसंगत होते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, सुसंगतपणा पाण्यात बुडालेल्याला सांग.

आता ती रिटायर झालीये, फोनवर असतो आम्ही. मला आता मत आहे, तेव्हा मी कुणाला देतो हे तुम्ही विचारलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते बँकेचं कलम मला आजही अन्याय वाटतं. अटीचे पैसे आजही खुपतात. आणि मॅन्सफिल्डला आम्ही घर घेतलं नाही. त्याचं कारण शाळा नव्हती, प्रॉपर्टी टॅक्स होता. हे तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.