जे नंतर बदलता येत नाही ते आधी

जुन्या धाटणीची इलेक्ट्रिक गिटार बनवून घेताना कारागीर पर्यायांचा जो तक्ता पाठवतो, त्यात लाकडापासून खुंट्यांच्या आकारापर्यंत सगळे विचारलेले असते, आणि बहुतेक जण सर्वांत आधी रंग ठरवून मोकळे होतात. मी १९५०च्या दशकातल्या टेलिकास्टरच्या (फेंडर या अमेरिकी कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारीच्या) धर्तीची गिटार मागवतो आहे आणि तक्ता उलट्या टोकाने भरतो आहे. पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकी भाग), खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पॉट (आवाज कमी-जास्त करणारे बटण) हे सगळे पुढे कधीही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी स्क्रू काढून आणि डाग देऊन बदलता येईल. नेकची (गिटारीच्या दांडीची) जाडी, फ्रेटबोर्डचा (दांडीवर बोटे ठेवायच्या पट्टीचा) गोलावा आणि ट्रस रॉडचे (दांडीच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या गजाचे) तोंड कोणत्या बाजूला असावे, हे मात्र एकदा ठरले की ठरले.

गोलाव्यावर मी सर्वांत जास्त विचार केला. जुन्या फेंडर गिटारींचा फ्रेटबोर्ड ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच बाकदार असे. कॉर्ड धरताना बोटांना तो फार सुखाचा वाटतो. पण वरच्या फ्रेटवर (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पडद्यावर) पातळ तार जोराने खेचली की ती बाकाच्या माथ्यावर चढते, पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच दबतो. तारा उंच ठेवल्या तर हे टळते, पण मग हात लवकर थकतो. नुसती ऱ्हिदम वाजवणाऱ्याने ७.२५ इंचच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑर्केस्ट्रात माझ्या वाट्याला भावगीतांतले आणि लावण्यांतले म्युझिक पीस येतात, त्यांत मींड टाळून चालत नाही. म्हणून मी ९.५ इंच, म्हणजे कमी बाकदार, लिहिले. त्याच कारणाने फ्रेटही जुन्या पद्धतीच्या बुटक्या तारेचे न घेता अरुंद पण उंच मागितले. फ्रेट उंच असला की बोट लाकडावर घासत नाही, तारेला बाजूने धरून ओढता येते. सतारीचे पडदे दांडीपासून वर उचललेले असतात आणि म्हणूनच तिच्यावर चार-पाच सुरांची मींड निघते. गिटारीत तेवढे शक्य नाही, पण दिशा तीच आहे.

कोल्हापूरच्या माणसाला सतार आठवणारच, कारण मिरज तासा-दीड तासावर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा मागवणारा गायक तिथे आधी आपली पट्टी सांगतो. भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी त्यावरून ठरते, नक्षीची चर्चा नंतर होते. गिटारीच्या तक्त्यातही हाच क्रम असता, तर अनेकांचे पैसे वाचले असते.

नेकच्या जाडीबाबत ऐकीव माहितीवर जाऊ नये. सी, व्ही, यू ही अक्षरे मागच्या बाजूचा आकार सांगतात, जाडी सांगत नाहीत. आणि १९५०च्या दशकाच्या आरंभीचे काही नेक सुमारे २५ मिलिमीटर जाड असत, तर आजच्या सर्वसाधारण नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटरच्या आसपास असते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, हातात नाही. जी गिटार तुमच्या हाताला सवयीची आहे, तिची जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी व्हर्नियरने मोजावी आणि कारागिराला अक्षराऐवजी ते आकडे कळवावेत. उद्यमनगरासारखी औद्योगिक वसाहत असलेल्या गावात व्हर्नियर मिळणे अवघड नाही.

ट्रस रॉडच्या बाबतीत मी जुन्या पद्धतीला सरळ नकार दिला. मूळ रचनेत त्याचा नट नेकच्या टाचेत असतो आणि तो फिरवण्यासाठी नेक सैल करावा किंवा काढावा लागतो. आपल्याकडे एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधली ओल यांत इतका फरक असतो की मेपलचा नेक वर्षातून दोनदा तरी हलतो. प्रत्येक वेळी तारा उतरवून नेक उघडणे ही निष्ठा नव्हे, हट्ट आहे. नट वरच्या टोकाला, किल्ली लावता येईल असा मागितला.

फ्रेटबोर्ड शिसवीचा घेतला. सुरुवातीची टेलिकास्टर अख्ख्या मेपलच्या नेकची होती आणि शिसवीची पट्टी १९५९च्या सुमारास आली, हे मला ठाऊक आहे. पण मेपलवर लॅकर द्यावे लागते आणि घामाने ते झिजून काळे पडते, शिसवीला त्याची गरज नसते. शिवाय हे झाड आपल्या सह्याद्रीतले आहे. बॉडीसाठी मूळ लाकूड अ‍ॅश. अमेरिकेतले पूर आणि झाड पोखरणारी कीड यांमुळे हलक्या अ‍ॅशचा पुरवठा इतका घटला की फेंडरनेही २०२० साली त्याचा वापर मर्यादित केला. मिरजेच्या सतारीत वापरतात ते तून हे महोगनीच्याच कुळातले हलके लाकूड आहे, म्हणून मी कारागिराला त्याबद्दल विचारले आहे. चांगली वाळलेली फळी मिळाली तर तून, नाहीतर आल्डर.

फिनिशच्या रकान्यात नायट्रोसेल्युलोज लॅकरसाठी बरीच जास्त रक्कम लावलेली होती. त्याचा थर पातळ असतो, तो पिवळसर होत जातो, हे खरे. पण रबरी पॅडच्या स्टँडवर किंवा रेक्झिनच्या पट्ट्याला टेकून राहिले की तो मऊ पडून डाग धरतो. बॉडीला पातळ पॉलियुरेथेन आणि नेकच्या मागे साटिन (कमी चकाकीचा थर), कारण पावसाळ्यात चकचकीत नेकला हात चिकटतो. कारखान्यातच ओरखडे पाडून गिटार जुनी करून देण्याच्या पर्यायावर मी काट मारली. ते काम गणेशोत्सवातले मांडव फुकटात करतात.

मांडवांवरून वायरिंगचा मुद्दा येतो. जनरेटर, दिव्यांचे डिमर आणि लांबच लांब केबल यांच्या सान्निध्यात सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप ५० हर्ट्झची गुणगुण हमखास पकडतो. १९५२ ते १९६७ या काळातल्या टेलिकास्टरच्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नसत. स्विच एका टोकाला नेला की फक्त घुमणारा, बोथट आवाज येई. मी नंतरचे वायरिंग घेतले आणि एक पिकअप उलट्या गुंडाळीचा व उलट्या चुंबकीय ध्रुवाचा मागितला, म्हणजे स्विच मधोमध असताना दोन्हींची गुणगुण एकमेकींना रद्द करते. ब्रिजवर मात्र जुन्या तीन पितळी सॅडलच (तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) ठेवल्या. एका सॅडलवर दोन तारा असल्याने सूर थोडा तडजोडीचा लागतो, पण तो फारच खटकला तर आमच्या उद्यमनगरातला लेथवाला तिरक्या खाचेच्या सॅडल करून देईल.

रंगाचा रकाना अजून कोरा आहे. घरात दोन पक्ष पडले आहेत : एकाला काळ्या पिकगार्डसोबतचा (बॉडीवरच्या संरक्षक पट्टीसोबतचा) फिकट पिवळा हवा, दुसऱ्याला १९५६च्या फोर्ड थंडरबर्ड मोटारीवरून आलेला फिएस्टा रेड. कारागिराला फळीचे वजन कळल्यावरच रंग सांगायचा आहे, तोवर वाद चालू राहील.