शीर निळी, रक्त लाल

सुई टोचली, नळी भरू लागली आणि शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मामा, शीर तर निळी दिसते. मग निळं रक्त कुठे गेलं?"

हसलो खरा, पण पटकन उत्तर सुचेना.

नळीतलं रक्त गडद, जवळजवळ काळपट लाल. ऑक्सिजन वाटून परतलेलं ना! निळेपणा हा नुसता कातडीआडून येणाऱ्या उजेडाचा खेळ. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू, त्यांना ऑक्सिजन चिकटला की तेच रक्त लालभडक. अख्ख्या अंगात लोह किती? जेमतेम ३-४ ग्रॅम.

"ऑक्टोपसचं मात्र खरंच निळं असतं. लोहाऐवजी तांबं."

तिचं लक्षच नव्हतं. घरी येईस्तोवर कापसाच्या बोळ्यावरचा डाग तपकिरी झाला होता.

"मामा, हे गंजलं का रे?"

तसं म्हटलं तर... हो की!