तुम्ही विचारलंत म्हणून: चारच पर्स, आणि त्याही त्याच त्याच?

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी वाण हातावर ठेवता ठेवता विचारलंच, "अगं तुझ्याकडे भारी भारी पर्स आहेत म्हणे, मग बघावं तेव्हा हीच का असते खांद्याला?" ऑफिसातल्या पोरी विचारतात, मॅडम सुरुवात कुठल्या बॅगेपासून करू. भाची विचारते, मावशी पाचवी कधी घेतेयस. प्रत्येकीला थोडं थोडं उत्तर देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर, चार आहेत. एवढ्याच. अकरा-बारा वर्षांत चार. आणि हे काही मी साधी राहणी वगैरे म्हणून केलेलं नाही, मला पर्सची भयंकर हौस आहे, हौस होती म्हणूनच आधी माती खाल्ली.

२०१४ ला आम्ही डोंबिवलीहून ठाण्याला आलो तेव्हा माळा रिकामा करताना एका गाठोड्यात माझ्या जुन्या पर्स निघाल्या. नऊ होत्या. दीड हजार, दोन हजार, सेलमध्ये मिळाली म्हणून घेतलेली, लग्नाला मॅचिंग म्हणून घेतलेली. एकीला हात लावला तर काळे पापुद्रे बोटांना चिकटून आले, दुसरीचा पट्टा नुसता उचलला तर हातातच राहिला. ते चामडं नव्हतंच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो थर आपोआप तुटत जातो, वापरा नाहीतर माळ्यावर ठेवा. नवरा खाली स्टूल धरून उभा होता, तो काही बोलला नाही, फक्त केर भरायला सुपली घेऊन आला. ते जास्त लागलं. नऊ पर्सचा हिशोब मी त्या रात्री मनातल्या मनात केला आणि तो आकडा आजतागायत कोणाला सांगितलेला नाही.

त्यानंतर ठरवलं की आता पर्स घ्यायची ती एक काम सांगून घ्यायची. म्हणजे हिचं काम काय, ते काम आधीची एखादी करतेय का, करत असेल तर नाही घ्यायची. बस्स. बाकी रंग, फॅशन, कोणाच्या हातात दिसली, ते नंतर.

पहिली घेतली ती पाँडिचेरीला फिरायला गेलो तेव्हा, हायडिझाइनची. ह्याला लक्झरी म्हणायचं का यावरून माझं नि नणंदेचं वाजतं, ती म्हणते फ्रेंच नाव नसलं की लक्झरी नाही. मी म्हणते चामडं बघ. दिलीप कपूर नावाच्या माणसाने १९७८ मध्ये तिथेच छोट्याशा वर्कशॉपमध्ये सुरू केलेली कंपनी आहे ती, झाडांच्या साली-बियांच्या अर्कात चामडं कमावतात. वरून प्लास्टिकसारखा चकचकीत थर नाही, त्यामुळे नख लागलं तर ओरखडा दिसतो, पण अंगठ्याने जरा चोळलं की विरतो. अकरा वर्षं झाली, कडा काळसर झाल्यात, बाकी ठणठणीत. ऑफिसची मीटिंग, बँक, कोर्टकचेरी, जिथे नीट दिसायचंय तिथे ही.

आता इथे एक गोष्ट सांगते जी मला फार उशिरा कळली. आपली कोल्हापुरी असते ना, तिचंही पारंपरिक चामडं असंच कमावतात, बाभळीची साल आणि हिरडा. आणि लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीच्या बॅगेचे ते फिकट रंगाचे बंद असतात, ज्याला वाशेटा म्हणतात, तेही वनस्पतीच्या अर्कातच कमावलेलं गाईचं चामडं, वर काही लेप नाही. म्हणजे खानदान एकच. म्हणून कोल्हापुरीचे जे नियम आजोबांनी शिकवले तेच इथे चालतात, पहिल्या पावसात बाहेर काढायची नाही, भिजली तर सावलीत वाळवायची, उन्हात नाही नि हेअर ड्रायर तर नाहीच नाही.

दुसरी लाँगशां या फ्रेंच घराण्याच्या कंपनीची ल प्लियाज. ही नायलॉनची, वर झाकणाला आणि बंदांना तेवढं चामडं. १९९३ साली त्या घरातल्या फिलिप कासग्रेँने काढली, जपानी ओरिगामीवरून सुचली म्हणतात, घडी घालून बटण लावलं की एखाद्या पुस्तकाएवढी होते. ही माझी पावसाळ्याची, लोकलची आणि भाजीची. हो, भाजीची. कोथिंबिरीची जुडी वर काढून मी ती घेऊन स्टेशनवरून चालत येते आणि ज्यांना ओळखू येते त्या बायका आधी बॅगेकडे बघतात मग माझ्याकडे. मला विचाराल तर कोणी सुरुवात करत असेल तर हिच्यापासून करा, कारण महागडी वस्तू वापरायची भीती असते ना, ती हिने जाते. तळाच्या कोपऱ्यांना मात्र भोकं पडतात, माझ्या एका कोपऱ्याला पडलंय, ते रफू करून घेतलं.

तिसरी कोचची, जुनी, नव्वदच्या दशकातली, न्यू जर्सीच्या मावसबहिणीने तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून चाळीस डॉलरला आणली. कोच १९४१ पासूनची न्यूयॉर्कची कंपनी. त्यांच्याकडे १९६२ मध्ये बॉनी कॅशिन नावाची डिझायनर आली, तिने तिच्या उघड्या टपाच्या गाडीचं छत ज्या फिरकीने अडकवतात ती फिरकी पाहिली आणि तीच पितळेत करून पर्सला लावली. माझ्या पर्सला तशीच आहे. टक् करून फिरवायची. चाळीस डॉलरची वस्तू आणि तो आवाज ऐकायला मी उगाचच दोनदा उघडते. ही खांद्यावरून तिरकी जाते, दोन्ही हात मोकळे, प्रवासाला ही.

आणि चौथी म्हणजे वहिनींनी विचारलेली "हीच", लुई व्हिटॉनची स्पीडी, तीस नंबरची, म्हणजे तीस सेंटिमीटर लांब. २०१७ ला पॅरिसला ऑफिसच्या कामाने गेले होते तेव्हा घेतली, दोन वर्षं पैसे बाजूला टाकून. एअरपोर्टवर पाब्लो नावाच्या मशीनवर कर परत मिळवायचा फॉर्म स्कॅन केला, तो परतावा वजा जाता पन्नास हजारांच्या थोडी आतच पडली, आणि परत येताना तेव्हाच्या ५०,००० च्या सवलतीत बसली, म्हणजे कस्टम ड्युटी भरावी लागली नाही. आज तोच प्रकार इथे दुकानात लाखाच्या वर आहे. ही कंपनी सेल लावत नाही, कधीच नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबू हा विचार डोक्यातून काढून टाका.

घरी आणली, आईने हातात घेतली, उलटीपालटी केली, नखाने टोकरून पाहिली आणि म्हणाली, "हे रेक्झिन आहे."

आणि गंमत म्हणजे आई जवळपास बरोबर होती! मोनोग्रामचं, म्हणजे कंपनीच्या अक्षरांच्या नक्षीचं, ते तपकिरी कापड चामडं नसतंच. सुती कॅनव्हास, त्यावर पीव्हीसीचा लेप. चामडं फक्त बंदांना आणि कडांना. ती नक्षी १८९६ ची आहे, कंपनी काढणाऱ्या लुईच्या मुलाने, जॉर्जने काढली, नकला थांबाव्यात हा एक हेतू होता म्हणे, आणि आज जगात सगळ्यात जास्त नकला बहुतेक तिच्याच होत असतील. स्पीडी १९३० ची, तेव्हा नाव एक्सप्रेस होतं, प्रवासाच्या बॅगेची लहान आवृत्ती. नंतर ऑड्री हेपबर्नने तिच्यासाठी आणखी लहान करून मागितली ती पंचवीस नंबर. हे सगळं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पावणेदोन तोळे आले असते."

तेव्हा सोनं तोळ्याला तीसच्या आतबाहेर होतं. आता लाखाच्या वर गेलंय. भाव वाढला की आई फोन करते, पर्सचं नाव काढत नाही, फक्त आजचा भाव सांगते नि ठेवते. तर जे मला विचारतात की ही इन्व्हेस्टमेंट आहे का, त्यांना माझं उत्तर आईचं उत्तर आहे. एखाद-दुसरं मॉडेल सोडलं तर दुकानाबाहेर पडताच किंमत उतरते. वापरायची असेल तर घ्या.

वापरायची म्हणजे किती, तर ऐका. २०१८ चा जून, मी स्पीडीत डबा आडवा ठेवला. आडवा का, तर उभा ठेवला की झिप लागत नव्हती. कांजूरमार्गला गर्दीत दाबले गेले तेव्हा काहीतरी कोमट लागलं कमरेला. आमटी. गोड्या मसाल्याची, चिंचगुळाची, चांगली वाटीभर. ऑफिसच्या बाथरूममध्ये सगळं बाहेर काढलं, आतलं अस्तर तपकिरी सुती कापडाचं, आमटीच्याच रंगाचं, त्यामुळे डाग कुठे संपतो नि कापड कुठे सुरू होतं कळेना. ओल्या रुमालाने पुसलं, मग घरी बेकिंग सोडा पसरून दोन दिवस उघडी ठेवली, मग कॉफीची पूड वाटीत घालून आत ठेवली. वास गेला. मी तरी सगळ्यांना तसंच सांगते.

आणि त्याच आठवड्यात पाऊस आला नि बंदांवर टपोरे थेंब पडले, तिथे गडद ठिपके उठले, मी रडायचीच बाकी होते. पण वाशेटा वापरून वापरून रंगतं, नवीन असतं तेव्हा तुपाच्या रंगाचं, मग मध, आता तर खजुराकडे झुकलंय, त्यात ते ठिपके मिसळून गेले. हात जिथे धरतो तिथे सगळ्यात गडद. आमची आजी पैठणीची घडी मोडायला मुहूर्त बघायची नि मोडल्यावर मात्र लग्नामुंजीला बिनधास्त नेसायची, ते मला आता पटतं. पहिला डाग पडेपर्यंतच त्रास.

"शनेल का नाही घेतलीस" हाही प्रश्न येतो. पैसे नव्हते हे एक, पण एकदा पॅरिसलाच दुकानात खांद्याला लावून पाहिली होती. फेब्रुवारी १९५५ मध्ये काढली म्हणून नाव २.५५, बाईचे हात मोकळे राहावेत म्हणून साखळीचा पट्टा, कल्पना फारच छान. पण मी मनात साडी नेसून पाहिलं. ती साखळी, खांद्यावर जरीचा पदर, पिनने लावलेला. एक धागा ओढला गेला की संपलं. साडीवर मला बटवाच बरा, तो मी हातात धरते.

एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या बर्किन बॅगेचं तर बोलायलाच नको, पण तिची एक गोष्ट मला फार आवडते. जेन बर्किन ही नटी विमानात एर्मेसचे प्रमुख ज्याँ-लुई द्यूमांच्या शेजारी बसली होती, तिने तक्रार केली की बाळाचं सामान मावेल अशी धड बॅगच मिळत नाही, त्यावरून १९८४ ला ती बॅग आली. तिची स्वतःची पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. आणि ती बॅग कशी होती? घासलेली, स्टिकर लावल्याच्या खुणा असलेली, आणि पट्ट्याला नेलकटर लटकत होता. नेलकटर! माझ्या आईच्या पर्सच्या झिपला सेफ्टीपिनांचा झुबका असतो तसा. आणि इकडे लोक बॅगेच्या पितळेवरचं प्लास्टिक काढत नाहीत.

सांभाळायचं म्हणाल तर मुंबई-ठाण्यात एकच शत्रू, जून ते सप्टेंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कोंबली की चामड्यावर पांढरी बुरशी धरलीच. मी आजीच्या जुन्या धुवट नऊवारीचे तुकडे केलेत, त्यात गुंडाळते, आत जुनी सुती ओढणी भरते म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्र भरू नका, शाई उतरते. सिलिकाच्या पुड्या ठेवते, पण खरं औषध म्हणजे दर आठवड्याला बाहेर काढून वारा देणं, आणि चारच असल्या तर ते होतं. चाळीस असत्या तर मी कामालाच लागले असते, त्यांच्या.

वापरलेली घेणार असाल तर एक अनुभव देते. एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी छोटी पर्स घेतली, फोटो सगळे सुंदर, आली तेव्हा आतल्या खिशात बोट घातलं तर पाकात घातल्यासारखं चिकटलं, अस्तरच विरघळत होतं. परत घेईनात. तेव्हापासून मी आधी आतल्या खिशाचा फोटो मागते, उलटा करून. लुई व्हिटॉनची जुनी असेल तर आत कोड असतो, दोन अक्षरं नि चार आकडे, २००७ नंतरच्यांत पहिला नि तिसरा आकडा मिळून बॅग बनल्याचा आठवडा, दुसरा नि चौथा मिळून साल, म्हणजे ०१७२ असेल तर २०१२ चा सातवा आठवडा. २०२१ पासून चिप लावतात, कोड नाही. पण कोड बरोबर निघाला म्हणजे बॅग खरी असं नाही हं, नकला करणाऱ्यांनाही आकडे येतात. ती चिकट पर्स टाकून दिली, म्हणून ती चारात धरत नाही.

पाचवीचं काम अजून सापडलेलं नाही. भाची म्हणते लॅपटॉपची घे, पण लॅपटॉप ऑफिसच्या सॅकमध्ये मजेत आहे.

तिलाच मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूला जायचं होतं म्हणून स्पीडी दिली. ऐटीत घेऊन गेली. तासाभराने मेसेज आला, "मावशी, बाहेर वेटिंगमध्ये बसलेय, बॅग उघडली की भूक लागतेय, हिला कसला वास येतो गं?"