यो कनचे खारीचा?

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या स्थानिक संग्रहालयात नोंदणीचं काम करते, म्हणजे गावांतून आलेली दगडी जाती, इरली, मिठागरातली फावडी पुसून नंबर टाकायचा न् लेबल लिहायचं. गेल्या शनिवारी एक आगरी आजोबा नातवाला घेऊन आले, ऐंशीच्या पुढचे असतील, 1984 च्या जासईच्या, जमिनीसाठीच्या आंदोलनात गोळीबारात गेलेल्या शेतकऱ्यांच्या फोटोंपाशी बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि मग सरळ पागाकडे गेले. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. लेबल माझं, 'मासेमारीचे जाळे, सुती'. नातवानं ते वाचून दाखवलं तर आजोबा मला विचारतात, "यो कनचे खारीचा?" म्हणजे हा कुठल्या खारीतला? खार म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती.

मला सांगताच आलं नाही. देणाऱ्याचं नाव होतं, तारीख होती, मापं सेंटीमीटरमध्ये होती, जागा मी विचारलीच नव्हती.

भिंतीवरच्या सेक्टरच्या नकाशात त्यांना काही सापडेना. 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, ठाणे-पनवेल-उरणची 95 गावं तिच्या हद्दीत गेली, गावांची नावं स्टेशनांना तरी राहिली पण खारींची नावं कुठेच नाहीत. मग मी आतून जुना सर्व्हे नंबरचा नकाशा आणून टेबलावर पसरला आणि त्यांचं बोट चालायला लागलं, हा बांध, ही उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरती आली की तिच्याच जोरानं बंद होतं, म्हणून तर खाडीला लागून भात पिकायचा. पाणी सुटलं की तिथेच तोंडाशी पाग टाकायचा. जाळ्याची कड दातांत कशी धरायची ते त्यांनी शर्टाची बाही दातांत धरून दाखवलं आणि रिकामाच हात असा गोल फिरवला की नातू मागे सरकला. नातवानं मोबाईलवर ती जागा जुळवून बघितली तर त्याच्या क्लासची बिल्डिंग निघाली, तो काही बोललाच नाही.

आता फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवलाय, 'जागेचं नाव, घरात म्हणतात तसं'. माझ्या मते वस्तूच्या वयाआधी हे लिहायला हवं होतं, नाहीतर तो पाग कुठल्याही खाडीचा. सोमवारपासून देणाऱ्यांना फोन करतेय. तीन जण वारलेत. पागवाल्यांच्या सूनबाई म्हणाल्या, सासूबाईंना आठवत असेल, पण फोनवर नको, घरीच या.