मावशी, जरा मागे घे ना

बिलियन्स ही सिरीज मी शेअर मार्केटच्या भानगडींसाठी लावली होती. भाचरू उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे प्रतापनगरला आलेलं, बाहेर नागपूरचं ऊन, मग रात्री जेवणं आटोपली की कूलरसमोर सतरंजी टाकून रोज एक-दोन एपिसोड. दुसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे २०१७ चा सीझन, टेलर मेसन नावाचं कॅरेक्टर येतं, टक्कल केलेलं, आकड्यांचं डोकं भयंकर. कंपनीच्या मालकासमोर उभं राहून नाव सांगतं आणि लगेच हेही सांगतं की माझी सर्वनामं इंग्रजीतली दे, देअर्स, देम, म्हणजे ही पण नाही, हा पण नाही. मालक त्यावर काही बवाल करत नाही, सरळ कामाचं बोलायला लागतो.

भाचरू म्हणालं, मावशी, जरा मागे घे ना. तीनदा मागे घेतलं मी तो सीन.

मग आम्ही शोधलं की हा रोल कोणाचा, तर एशिया केट डिलन. जन्म १९८४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचा, आधी बरीच वर्षं नाटकं, मग ऑरेंज इज द न्यू ब्लॅकमध्ये छोटा रोल. टेलरच्या ऑडिशनसाठी आलेल्या कागदावर फीमेल आणि नॉन बायनरी (म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारं) असे दोन शब्द शेजारी शेजारी होते, ते बघून डिलनने त्यांचे अर्थ शोधले आणि वाचता वाचता रडू आलं, कारण लहानपणापासून आत जे होतं त्याला नाव होतं! पुढे एमी या टीव्हीच्या पुरस्कारांसाठी नाव द्यायची वेळ आली तेव्हा डिलनने पत्र लिहून विचारलं की ॲक्टर आणि ॲक्ट्रेस असे दोन खण नेमके कशावरून, शरीरावरून की ओळखीवरून? शेवटी ॲक्टर हा शब्द मुळात सगळ्यांचाच, म्हणून त्यात नाव दिलं. त्याच वर्षी एमटीव्हीने अभिनयाचं बक्षीस स्त्री-पुरुष वेगळं न करता दिलं, ते मिळालं एमा वॉटसनला आणि द्यायला स्टेजवर होतं कोण तर डिलन. मला वाटतं आपला कलाकार हा शब्द यासाठी किती चांगला आहे, नाटकाच्या जाहिरातीत रोज छापतो आपण.

पण मराठीत खरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीत आय वेंट म्हटलं की झालं, आपल्याला गेलो की गेले ते ठरवावंच लागतं, दिवसातून शंभरदा. त्या रात्रीनंतर माझ्या लक्षात आलं की भाचरू गेली दोन वर्षं मी जेवलो किंवा जेवले म्हणतच नाही. माझं जेवण झालं. मला झोप येऊन राहिली. मला बर्डीला जायचंय. प्रत्येक वाक्य असं वळवून वळवून बोलायचं, आणि आम्हाला घरात कोणाला पत्ता नाही, मला याचं फार वाईट वाटलं. डिलनबद्दल वर लिहिताना मी पण तसंच केलंय, चांगलाच घाम निघाला.

मी विचारलं, तुला काय म्हणू मग? खूप वेळ काही उत्तर नाही, नुसता कूलरचा आवाज. मग म्हणालं, आजी म्हणते ना तसं.

आई तेवढ्यात आतल्या खोलीतून ओरडलीच, "काहो, दूध पेलं का माझ्या लेकरानं? झोपलं का नाही अजून?"

"नाही झोपलं आजी," भाचरू म्हणालं.