दुपारचे सात खण

रविवारी जेवणं आटोपली की मी आईच्या गोळ्या भरायला बसतो. कात्री, चष्मा, स्ट्रिपांची पिशवी आणि धाकट्याने अमेरिकेहून आणलेला डबा. सात वार, प्रत्येक वाराचे चार खण: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एकूण २८. या रविवारी झाकणं उघडली तर सोमवारच्या दुपारी दोन लवंगा. मंगळवारी बडीशेप. बुधवारी सेफ्टी पिन. डॉक्टरांनी आईला दुपारची गोळीच दिलेली नाही, त्यामुळे ती अख्खी रांग मोकळी. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत जिने सहा माणसांचा संसार केला, तिला सात खण रिकामे बघवणार कसे? भाडेकरू बसवून मोकळी झाली.

डब्यावर मुळात इंग्रजी अक्षरं होती. दोन टी, दोन एस. "यातला गुरुवार कुठला?" हे आईने पहिल्याच दिवशी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता जखमेची चिकटपट्टी कापून, वर बॉलपेनने लिहून टाकलं: र, सो, मं, बु, गु, शु, श. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात नाही. मला त्या क्षणी मराठीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा २७ फेब्रुवारीलाही वाटत नाही.

भरणं मात्र डोकेदुखी. एक स्ट्रिप १० ची, एक १५ ची, एक तर १४ ची. कशाला, देव जाणे. एक संपते तेव्हा दुसरीच्या चार उरलेल्या. थायरॉइडची तिच्या बाटलीतच राहते. ती पहाटे उपाशी पोटी, वर अर्धा तास चहा नाही, आणि त्या अर्ध्या तासात आईशी कुणी बोलायचं नाही. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, सोवळ्यात असल्यासारखं. ६० हजार युनिटची 'डी' आठवड्यातून एकदा, रविवारी. प्रेशरची टेल्मीसार्टन सुरुवातीला मी सोलून डब्यात टाकायचो. कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणाला, "काका, ही पाकिटातून आधी काढू नका, हवेतलं पाणी ओढते." दादरला ऑगस्टात बरणीबाहेर राहिलेली चकलीसुद्धा तासाभरात मान टाकते, तिथे गोळीचं काय! तेव्हापासून पाकिटासकट तुकडे करतो. त्यांचे कोपरे बोटाला टोचतात, झाकण धड लागत नाही, आणि एक्स्पायरीची तारीख नेमकी आधीच फेकलेल्या तुकड्यावर असते.

कात्री हातात आली की गिरगावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवतो. औषधाला बाटली घरून न्यायची, स्वच्छ धुऊन. तो खिडकीतून हात बाहेर काढून बाटली घ्यायचा, गुलाबी मिक्श्चर भरायचा, मग कागदाची एक पट्टी उभी दुमडून तिच्या कडेला टचटच काप द्यायचा. पट्टी उलगडली की दोन्ही बाजूंना सारख्या खाचा. डिंकाचं बोट फिरवून ती बाटलीला चिकटवली की झालं. एक खाच, एक डोस. सहा खाचा, दिवसातून तीनदा. दोन दिवसांत ताप उतरलाच पाहिजे असा त्या पट्टीचाच हुकूम असायचा. ती ओली पट्टी घरी येईपर्यंत बोटाने खाली सरकवायचा मोह मला कधी आवरला नाही. आवरला असता तर माझा खोकला लवकर बरा झाला असता, असं आई अजून म्हणते.

धाकटा माझ्याहून पोचलेला. तो एक खाचभर औषध सरळ मोरीत ओतायचा आणि तोंड कडू करून बसायचा. संध्याकाळी आई बाटली उजेडाला धरून बघायची. पातळी बरोबर खाचेवर. "शहाणं माझं बाळ ते," म्हणून त्याला साखरेची चिमूट मिळायची. मला नाही.

आता तो दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावतो आणि पहिलं वाक्य, "आई, डबा दाखव." आई एकेक झाकण उघडून कॅमेऱ्यासमोर धरते. रिकामा खण दिसला की तिकडे समाधान. मी काही बोलत नाही.

पण या शनिवारी त्याला जमलं नाही, फोन आलाच नाही. म्हणून मी बघितलं तर गुरुवारची रात्र भरलेलीच. साखरेची गोळी, चांदीच्या तुकड्यात जशीच्या तशी.

"आई, गुरुवारी खाडा?"

"एकादशी होती. गोळी जेवणानंतरची ना? मी जेवले कुठे?"

पुढच्या वेळी उपास असला तर आधी सांग, डॉक्टरांना विचारू, असं मी बरंच काही म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मी गोळी काढायला गुरुवारात बोट घातलं तर म्हणाली, "राहू दे. पुढच्या आठवड्यात घेईन. गुरुवारचीच आहे ना ती."