कठड्याच्या बुडाशी उरलेला निळा

एका डिझेल शेडमध्ये फोटोंचं काम होतं. सेवेतून काढलेलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन जुन्या रंगात रंगवून चौथऱ्यावर ठेवायचं होतं. मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे डिझाइन, १९६४पासून बनारसच्या कारखान्यात तयार व्हायला लागलं. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. लहानपणी आमच्या स्टेशनात ही इंजिनं उभी असायची तेव्हा फलाटाची फरशी पायाखाली थरथरायची.

सकाळी सातला पोचलो. लाँग हूडवरच्या, म्हणजे केबिनच्या लांब बाजूच्या भागावरच्या, दारांच्या आणि जाळ्यांच्या कडा तिरप्या उन्हातच उठून दिसतात. नऊनंतर सगळं सपाट. ताज्या ऑइलपेंटमध्ये आख्खं आभाळ उतरतं, म्हणून चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर. ग्रे कार्ड, म्हणजे रंग अचूक यावेत म्हणून धरायचं करडं कार्ड, धरून पहिली फ्रेम घेतली आणि स्क्रीनवर निळा पट्टा जांभळट दिसला. पुन्हा घेतली, तरी जांभळटच.

पेंटरदादांना विचारलं. त्यांनी खिशातून एक जुना रंगीत प्रिंट काढला. "साहेबांनी दिलाय. ह्याच्यावरूनच शेड जुळवली."

जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग बहुतेकदा आधी उडतो, मग मागे राहिलेला निळा जांभळा वाटायला लागतो. दादांनी प्रिंटशी रंग अगदी अचूक जुळवला होता. त्यांचा हात उत्तमच. पण उडालेल्या रंगाचा नमुना त्यांच्या हातात देणाऱ्याने एकदा कुणाला विचारायला हवं होतं.

एका फिटरकाकांनी मला शॉर्ट हूडच्या, म्हणजे केबिनच्या आखूड बाजूला नेलं. कठड्याचा दांडा जिथे पत्र्यात शिरतो तिथे रुपयाएवढा पोपडा उडालेला. आतून थर दिसत होते: वर जांभळट, त्याखाली लाल, मग मळकट क्रीम, मग निळा आणि तळाला रेड ऑक्साइडचा प्रायमर. तो निळा स्वच्छ, गडद होता. जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून, शेजारी ग्रे कार्ड ठेवून मी त्याचे अकरा फोटो काढले.

साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "रविवारी कार्यक्रम आहे. आता काय करणार?" दुपारी त्या पोपड्यावरही ब्रश फिरला.

माझे फोटो आता त्यांच्या माहितीपत्रकात आहेत. मी ग्रे कार्ड धरून रंग इतका काटेकोर पकडलाय, की पुढे कुणी हे इंजिन पुन्हा रंगवायला घेतलं तर माझाच फोटो समोर ठेवून हाच जांभळा जुळवेल. संपादनात तो निळ्याकडे ढकलला असता, तर जे समोर नव्हतं ते दाखवलं असतं. ते मी केलं नाही. ते अकरा फोटो मात्र मी शेडला पुन्हा पाठवलेत, प्रत्येकावर तारीख आणि इंजिनाचा नंबर घालून.